माशात रसायन साठते का? पहिल्यांदाच बीसीएफ चाचणी करणाऱ्यांसाठी

एखादे कीटकनाशक पाण्यात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम इतके विरळ असले, तरी त्याच पाण्यात राहणाऱ्या माशाच्या अंगात ते हजारो पट दाट होऊ शकते. ही पट किती, हे मोजण्याची जगभर मानली जाणारी पद्धत म्हणजे ओईसीडीची (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) मार्गदर्शिका क्रमांक ३०५. आज वापरात असलेले तिचे रूप २०१२ चे आहे. तिचे उत्तर एका आकड्यात येते, तो बीसीएफ: माशातले प्रमाण भागिले पाण्यातले प्रमाण, एकक लिटर प्रति किलो.

आकडा एकच असला तरी त्यावर बरेच काही ठरते. युरोपच्या रीच कायद्यात बीसीएफ २००० च्या वर गेला की पदार्थ 'जैवसंचयी' आणि ५००० च्या वर गेला की 'अति जैवसंचयी'. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या निकषातही ५००० हीच रेघ आहे. धोकासूचक लेबलांच्या जागतिक पद्धतीत, म्हणजे जीएचएसमध्ये, ५०० पासूनच दखल घेतली जाते. त्यामुळे १८०० आणि २२०० यांतला फरक प्रयोगशाळेत किरकोळ वाटला, तरी तुमच्या ग्राहकासाठी तो बाजारपेठ राहण्या-जाण्याचा असतो.

जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी आणि पर्यावरण-विषशास्त्रात एमएस्सी, पीएचडी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. चाचणीला नाव माशाचे असले तरी ती बहुतेक वेळा पाण्यात फसते. साठ मासे पाळणे त्या मानाने सोपे. पाण्यातले मायक्रोग्रॅम महिनाभर एका जागी धरून ठेवणे हे खरे काम.

१. आधी चाचणी लागते का ते बघा

पुढची माहिती हातात आल्याशिवाय स्टडी प्लॅन लिहायला बसू नका:

- लॉग केओडब्ल्यू, म्हणजे पदार्थाची पाणी सोडून ऑक्टॅनॉलमध्ये, पर्यायाने चरबीत, जाण्याची ओढ
- पाण्यातली विद्राव्यता
- बाष्पदाब, जलापघटन आणि प्रकाशाने होणारे विघटन
- सहज जैवविघटन होते का
- माशांवरची तीव्र विषबाधा चाचणी, म्हणजे ९६ तासांचा एलसी५० (ज्या प्रमाणात निम्मे मासे मरतात ते)
- पदार्थाची शुद्धता, बॅच क्रमांक, मुदत आणि साठवणुकीची अट

लॉग केओडब्ल्यू ३ किंवा कमी असेल, तर रीचमध्ये साधारणपणे या चाचणीतून सूट मागता येते. पण तो आकडा संगणकाने काढलेला आहे की मोजलेला, हे विचारा. लॉग केओडब्ल्यू ५ च्या वर असेल आणि तो साध्या शेक-फ्लास्क पद्धतीने मोजला असेल, तर विश्वास ठेवू नका. न विरघळलेले सूक्ष्म थेंब पाण्याच्या थरात राहतात आणि आकडा कमी येतो. अशा पदार्थांसाठी संथ ढवळण्याची पद्धत आहे, मार्गदर्शिका १२३.

साबणासारखे पृष्ठक्रियाशील पदार्थ, आयन होणारे पदार्थ आणि पीएफओएससारखी फ्लोरिनयुक्त रसायने यांना लॉग केओडब्ल्यूचा गज लावू नका. पीएफओएस चरबीपेक्षा रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटते. तिथे चरबीवर बेतलेले गणित लागू पडत नाही.

२. पाण्यातून की खाद्यातून?

मार्गदर्शिकेत तीन वाटा आहेत. पहिली, पाण्यातून द्यायची पूर्ण चाचणी. दुसरी, तिचीच आटोपशीर आवृत्ती, जिच्यात माशांचे नमुने मोजक्याच वेळांना घेतात. तिसरी, खाद्यातून द्यायची.

जमत असेल तोवर पहिली घ्या, कारण कायद्यातल्या सगळ्या रेघा बीसीएफवर आखलेल्या आहेत. लॉग केओडब्ल्यू ५ च्या वर आणि विद्राव्यता लिटरमागे ०.०१ ते ०.१ मिलिग्रॅमच्या खाली गेली, की पाण्यातले प्रमाण स्थिर ठेवणे हाताबाहेर जाऊ लागते. तेव्हा खाद्याची वाट. तिच्यातून बीसीएफ मिळत नाही, बीएमएफ मिळतो, म्हणजे खाद्याच्या तुलनेत मासा किती पट. बीएमएफ १ पेक्षा कमी आला म्हणजे पदार्थ साठत नाही, असा निष्कर्ष बरेच नवे लोक काढतात. तो चूक आहे. बीसीएफ ५००० च्या वर असलेल्या पदार्थाचाही प्रयोगशाळेतला बीएमएफ १ च्या खाली येऊ शकतो.

आटोपशीर आवृत्तीत मासे कमी लागतात, हे तिचे मोठेपण. पण उत्तर २००० किंवा ५००० च्या आसपास आले तर पूर्ण चाचणी पुन्हा करावी लागते. अंदाजी बीसीएफ रेघेपासून लांब असेल तेव्हाच ती निवडा.

३. कागदपत्रे आणि मंजुऱ्या

मासा पृष्ठवंशी आहे, म्हणून संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मासे आणण्याआधी हवी. अर्जात माशांची संख्या आकडेमोडीसह लिहा. 'अंदाजे २००' लिहिलेत तर अर्ज परत येईल. किरणोत्सारी कार्बन-१४ वापरणार असाल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यात त्या प्रयोगशाळेचे आणि त्या प्रमाणाचे नाव आहे का ते तपासा.

अहवाल परदेशी नियामकाकडे जाणार असेल तर प्रयोगशाळेकडे राष्ट्रीय जीएलपी प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे, आणि त्याच्या व्याप्तीत जैवसंचयाचा विभाग असायला हवा. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे. म्हणजे इथली जीएलपी चाचणी तिथे पुन्हा करावी लागत नाही. प्रमाणपत्र आहे पण व्याप्तीत हा विभाग नाही, ही गोष्ट अहवाल लिहिताना कळून उपयोग नाही.

४. मासा निवडा

शिफारस केलेल्या जातींत झेब्राफिश, फॅटहेड मिनो, कॉमन कार्प, मेडाका, गप्पी, ब्लूगिल, रेनबो ट्राउट आणि तीनकाटी स्टिकलबॅक येतात. आपल्याकडे सोयीचे दोनच. झेब्राफिश २.५ ते ३.५ सेंटिमीटरचा, आणि कार्प, ज्याला आपले मच्छीमार सायप्रिनस म्हणतात, ४ ते १२ सेंटिमीटरचा. दोघांनाही २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान चालते. ट्राउटला १३ ते १७ अंश लागतात. महाराष्ट्रात मे महिन्यात तेवढे थंड पाणी दिवसरात्र वाहते ठेवायचे तर चिलरचे बिल आधी काढून बघा.

झेब्राफिश वजनाने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. एकाच माशात रसायनही मोजायचे आणि चरबीही, तर ऊतक पुरत नाही. कार्पला ती अडचण नाही. त्याची खोड वेगळी: तो भराभर वाढतो, आणि वाढ ही या चाचणीतली मोठी डोकेदुखी आहे. तिच्याकडे दहाव्या पायरीत येऊ.

रोहू, कटला का नको, असे हमखास विचारले जाते. मार्गदर्शिका इतर जातींना बंदी घालत नाही, पण निवडीचे समर्थन तुम्हालाच लिहावे लागते आणि तुलनेला जुनी माहिती थोडी मिळते. पहिल्या स्टडीत हा उद्योग नको.

सगळे मासे एकाच बॅचचे आणि एकाच वयाचे घ्या. सर्वांत लहान मासा सर्वांत मोठ्याच्या वजनाच्या दोन-तृतीयांशाहून लहान नको. मत्स्यबीज केंद्रातून आलेल्या पिशवीत हा निकष सहसा बसत नाही, म्हणून गरजेच्या दुप्पट मासे आणून निवडा.

आणल्यावर ४८ तास स्थिरावू द्या, मग सात दिवस मर मोजा. १० टक्क्यांहून जास्त मेले तर पूर्ण बॅच बाद. ५ ते १० टक्के मेले तर आणखी सात दिवस थांबा. ५ टक्क्यांहून कमी असतील तर बॅच घ्या. चाचणीच्या तापमानात, चाचणीच्या पाण्यात आणि चाचणीच्याच खाद्यावर निदान दोन आठवडे काढायला हवेत. शेवटच्या दोन आठवड्यांत औषधोपचार केलेले मासे घेऊ नका.

५. पाणी

पाण्याचा पीएच ६.० ते ८.५ च्या दरम्यान असावा आणि चाचणीभर ०.५ हून जास्त हलू नये. तरंगते कण लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि एकूण सेंद्रिय कार्बन २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. उरलेले क्लोरीन १० मायक्रोग्रॅमच्या आत.

सेंद्रिय कार्बनाची अट पाळायला कंटाळू नका. तेलकट पदार्थ पाण्यातल्या कुजक्या कणांना चिकटतो. माशाच्या कल्ल्यांतून फक्त सुटा, विरघळलेला अंश आत जातो, पण तुमचे यंत्र दोन्ही मिळून मोजते. भाजक मोठा झाला, बीसीएफ खोटा कमी आला. लॉग केओडब्ल्यू ५ च्या पुढे हा परिणाम दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

नळाचे पाणी सक्रिय कोळशाच्या गाळणीतून घेत असाल तर पावसाळ्यात ती गाळणी लवकर संपते, हे धरून वेळापत्रक लावा. बोअरचे पाणी वापरत असाल तर जानेवारीतली आणि मेमधली कठीणता वेगळी येईल. चाचणी सुरू होण्याआधी पाण्याचे पूर्ण पृथक्करण करून घ्या, कीटकनाशके आणि जड धातूंसकट.

६. टाकी, प्रवाह आणि पंप यांचे गणित

ही पायरी वाचून सोडू नका, कागद-पेन्सिल घ्या.

माशाचे वजन सरासरी २ ग्रॅम, टाकीत ६० मासे, म्हणजे १२० ग्रॅम. मार्गदर्शिकेप्रमाणे रोज वाहणाऱ्या दर लिटर पाण्यामागे ०.१ ते १.० ग्रॅम मासा चालतो. मध्यावर, ०.५ वर राहिलो तर रोज २४० लिटर पाणी लागेल. टाकीतले पाणी दिवसातून निदान पाच वेळा बदलले पाहिजे, म्हणून टाकी ४८ लिटरची.

आता २८ दिवस शोषणाचे, म्हणजे मासे पदार्थाच्या पाण्यात, आणि १४ दिवस उत्सर्गाचे, म्हणजे मासे स्वच्छ पाण्यात. प्रयोगशाळेत कोणी हे शब्द वापरत नाही, सगळे अपटेक आणि डेप्युरेशनच म्हणतात. एकूण ४२ दिवसांत एका टाकीला १०,०८० लिटर पाणी. दोन प्रमाणे आणि एक कंट्रोल, म्हणजे पदार्थ न घातलेली टाकी, मिळून तीन टाक्या, म्हणजे तीस हजार लिटरच्या वर. हे सगळे चांगल्या प्रतीचे, एकसारखे आणि ठरलेल्या तापमानाचे पाणी. गच्चीवरच्या टाकीवर भिस्त ठेवून हे होणार नाही.

मात्रा किती? वरचे प्रमाण एलसी५० च्या साधारण एक टक्का, खालचे त्याच्या एक-दशांश. एलसी५० लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम असेल तर १ आणि ०.१ मायक्रोग्रॅम. दोन्ही विद्राव्यतेच्या मर्यादेखाली आणि पाण्यातल्या मोजणीच्या सीमेच्या निदान दहापट वर हवीत.

वरच्या टाकीला रोज २४० मायक्रोग्रॅम पदार्थ पोचायला हवा. मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमचे स्टॉक द्रावण केले, तर रोज १२ मिलिलिटर, म्हणजे तासाला अर्धा मिलिलिटर. हे काम सिरिंज पंपाचे. द्रावक लिटरमागे ०.०५ मिलिलिटर झाला, ०.१ च्या मर्यादेत बसला. तरीही द्रावक टाळता येत असेल तर टाळाच. इथेनॉल, मेथनॉल हे जिवाणूंचे खाद्य आहे. दहा-बारा दिवसांत टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर चढतो, तो पदार्थ शोषतोही आणि खातोही. द्रावक वापरलाच तर सर्व टाक्यांत सारखा, आणि द्रावकाची वेगळी कंट्रोल टाकी ठेवा.

पंप आणि पाण्याचा प्रवाह सुरुवातीच्या ४८ तास आधी तपासा, नंतर रोज. फरक २० टक्क्यांच्या आत. टाकी काचेची, नळ्या टेफ्लॉन किंवा स्टेनलेस स्टीलच्या. मऊ प्लास्टिक आणि लांबच लांब सिलिकॉन नळी तेलकट पदार्थ गिळून टाकते. पंप बरोबर, स्टॉक बरोबर, तरी टाकीत साठच टक्के, अशी तक्रार असेल तर आधी नळ्या बघा.

मासे सोडण्यापूर्वी यंत्रणा काही दिवस नुसती चालवा. काच आणि नळ्या पदार्थाने 'भरल्या' आणि सलग दोन-तीन मोजण्या जुळल्या की मगच मासे.

आता खरा सापळा. मासे सोडल्यावर पाण्यातले प्रमाण लगेच घसरते, कारण मासेच ते ओढून घेतात. अंदाजासाठी शोषणदराचे प्रचलित सूत्र आहे: ५२० गुणिले ग्रॅममधल्या वजनाचा उणे ०.३२ घात. २ ग्रॅमच्या माशासाठी ते दिवसाला किलोमागे सुमारे ४१६ लिटर येते. टाकीत ०.१२ किलो मासे, म्हणजे रोज ५० लिटर पाणी जणू धुऊन निघते. आत येते २४०. प्रमाण २४० भागिले २९०, म्हणजे ८३ टक्क्यांवर येते. वैधतेची अट सरासरीच्या अधिकउणे २० टक्के अशी आहे, म्हणजे पहिल्या दिवशीच तुम्ही काठावर. याच टाकीत मासे दुप्पट असते तर अट मोडली असती. पंपाला दोष देण्याआधी हे गणित करून बघा. उपाय एकच: मासे कमी किंवा प्रवाह जास्त.

७. मोजणीची पद्धत आधी सिद्ध करा

समजा बीसीएफ २५०० येणार आहे. वरच्या टाकीतल्या माशात ग्रॅममागे २.५ मायक्रोग्रॅम मिळतील. उत्सर्गात ९५ टक्के गेल्यावर ०.१२५ उरतील. खालच्या टाकीत याच्या दहावा भाग, म्हणजे किलोमागे १२.५ मायक्रोग्रॅम. तुमच्या पद्धतीला हा शेवटचा आकडा मोजता आला पाहिजे, नाहीतर उत्सर्गाच्या आलेखातले शेवटचे बिंदू हातचे जातील.

पाणी, मासा आणि खाद्य या तिन्हींत पद्धत वेगवेगळी सिद्ध करा. परतावा (रिकव्हरी), म्हणजे मिसळलेल्या पदार्थातला किती मोजणीत परत मिळाला, तो ७० ते १२० टक्क्यांत असावा. माशाच्या चरबीने यंत्रातला संकेत दाबला जातो, म्हणून मानक द्रावणे कंट्रोल माशाच्या अर्कातच करा.

कार्बन-१४ वापरला तर मोजणी सोपी होते, पण यंत्राला मूळ रेणू आणि त्याचे तुकडे यांतला भेद कळत नाही. एकूण किरणोत्सारावरून काढलेला बीसीएफ फुगलेला असू शकतो. तो १००० किंवा जास्त आला, तर ऊतकातल्या एकूण अवशेषाच्या १० टक्के किंवा जास्त असलेले तुकडे ओळखून मोजायची तयारी ठेवा.

८. किती दिवस, कधी नमुने

दिवस अंदाजाने ठरवू नका. उत्सर्गदराचा, म्हणजे के२ चा, अंदाज देणारे सूत्र सोपे आहे: लॉग के२ बरोबर १.४७ उणे ०.४१४ गुणिले लॉग केओडब्ल्यू. समतोल म्हणजे माशात येणारे आणि बाहेर जाणारे सारखे होणे. ९५ टक्के समतोलाला लागणारे दिवस म्हणजे ३ भागिले के२.

- लॉग केओडब्ल्यू ४: के२ सुमारे ०.६५, साधारण ५ दिवस
- लॉग केओडब्ल्यू ५: के२ सुमारे ०.२५, साधारण १२ दिवस
- लॉग केओडब्ल्यू ६: के२ सुमारे ०.१०, साधारण ३१ दिवस

म्हणजे ६ च्या पदार्थाला नेहमीचे २८ दिवस पुरतच नाहीत. मार्गदर्शिका ६० दिवसांपर्यंत मुभा देते. समतोल आला नाही तरी चाचणी वाया जात नाही, दरांवरून बीसीएफ काढता येतो. पण उत्सर्गाचा टप्पा मात्र पुरेसा लांब ठेवा.

शोषणात निदान पाच वेळा, उत्सर्गात निदान चार वेळा, दर वेळी प्रत्येक टाकीतून निदान चार मासे. लॉग केओडब्ल्यू ५ च्या पदार्थासाठी शोषणाचे १, ३, ७, १४, २१, २८ आणि उत्सर्गाचे १, ३, ७, १४ हे दिवस चालतात. झाले ४० मासे. मर, चरबी आणि एखादा जादा नमुना धरून ६०. लॉग केओडब्ल्यू ४ च्या पदार्थाला हेच वेळापत्रक लावलेत तर सातव्या दिवसापूर्वीच पठार येऊन गेलेले असेल आणि चढाचे बिंदू दोनच उरतील. तिथे पहिल्या दोन दिवसांत गर्दी करा.

९. रोजचा दिवस

१. सकाळी आधी तापमान, प्राणवायू, पीएच. तापमान अधिकउणे २ अंशांत, प्राणवायू संपृक्ततेच्या ६० टक्क्यांवर.

२. पाण्याचा नमुना टाकीच्या मधोमध नळी धरून, खाद्य देण्याआधी. गाळू नका, पदार्थ गाळणीत अडकतो.

३. माशांचे नमुने त्याच वेळी. जाळीने पटकन उचला, स्वच्छ पाण्यात धुवा, भूल देऊन मारा, टिपकागदाने कोरडे करा, वजन आणि लांबी घ्या. लगेच करणार नसाल तर उणे २० अंशांत. जो मासा हातात आला तो घ्या. मंद पोहणारे आधी सापडतात म्हणून तेच घेत गेलात तर शेवटी तगडे उरतात आणि वाढीचा दर बिघडतो.

४. खाद्य अंगवजनाच्या १ ते २ टक्के. नमुन्यातल्या माशांच्या वजनावरून दर आठवड्याला मात्रा नव्याने काढा. संख्या कमी होत असते, वजन वाढत असते, दोन्ही धरा.

५. अर्ध्या ते एका तासात उरलेले खाद्य आणि विष्ठा सायफनने काढा. सुटीच्या दिवशी नेमकी हीच पायरी राहते आणि सोमवारी सेंद्रिय कार्बन वर, पाण्यातले सुटे प्रमाण खाली.

६. प्रत्येक मेलेला मासा नोंदवा. मर किंवा आजार कंट्रोलमध्येही आणि मात्रेच्या टाक्यांतही १० टक्क्यांच्या आत हवा.

वीज गेली की पाणी, मात्रा आणि हवा तिन्ही थांबतात. इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप आणि सिरिंज पंप ठेवून पाण्याचा पंप विसरलात, तर साचलेल्या पाण्यात मात्रा पडत राहते आणि साधारण तासाभरातच प्रमाण वीस टक्क्यांची रेघ ओलांडते. तिन्ही एकाच बॅकअपवर घ्या, किंवा वीज गेल्यावर तिन्ही एकत्र थांबतील अशी जोडणी करून हवेला वेगळी बॅटरी द्या.

उत्सर्गाच्या दिवशी मासे नव्या, स्वच्छ टाकीत हलवा. जुनीच टाकी धुऊन वापरली तर काचेतून पदार्थ सुटत राहतो. नव्या टाकीतले पाणीही मोजा.

१०. आकडे: दोन दुरुस्त्या, दोन दिशा

सलग तीन नमुने, प्रत्येकात निदान दोन दिवसांचे अंतर, एकमेकांच्या २० टक्क्यांत आणि चढ नाही, तर समतोल आला. मग बीसीएफ म्हणजे माशातले प्रमाण भागिले पाण्यातले.

दरांवरून काढायचा तर शोषणदर के१ भागिले उत्सर्गदर के२. उत्सर्गातल्या आकड्यांचा नैसर्गिक लॉग दिवसांपुढे मांडा. सरळ रेघ आली तर ठीक. शेवटी वाकली तर दोन शक्यता: पदार्थ चरबीतून खरोखरच हळू निघतोय, किंवा तुम्ही मोजणीच्या तळाला टेकलात. कोणती ते पद्धतीच्या सीमेशी ताडून बघा. ओईसीडीच्या संकेतस्थळावर आर भाषेतले बीसीएमएफआर नावाचे पॅकेज आहे, हे आलेख त्यात बसवता येतात.

आता वाढ. मासा वाढला की तेच रसायन जास्त मांसात पसरते, प्रमाण घटते, आणि वाटते की मासा ते बाहेर टाकतोय. समजा के१ २००, के२ ०.०८. बीसीएफ २५००. पण वजनांच्या लॉगवरून वाढीचा दर ०.०३ निघाला. तो वजा केला तर खरा उत्सर्गदर ०.०५, आणि बीसीएफ ४०००. अर्ध-आयुष्य ८.७ दिवसांवरून १३.९ वर गेले.

मग चरबी. निकाल ५ टक्के चरबीच्या माशाला लावून द्यायचा असतो. तुमच्या माशात ८ टक्के असेल तर ४००० चे पुन्हा २५०० होतात. ३ टक्केच असेल तर ६६६७, थेट 'अति जैवसंचयी'. चरबी मोजताना झालेली एका टक्क्याची चूक किती महागात जाते ते यावरून कळेल. शक्य तर रसायन ज्या माशात मोजले त्याच माशात चरबी मोजा. नाहीच तर सुरुवातीला, शोषण संपताना आणि उत्सर्ग संपताना. चाचणीच्या मध्यात खाद्याचा ब्रँड बदलू नका. अहवालात दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे द्या.

११. खाद्याची चाचणी असेल तर

शोषण साधारण ७ ते १४ दिवस, मग साध्या खाद्यावर उत्सर्ग. पदार्थ माशाच्या तेलात विरघळवून दाण्यांवर चढवतात. खाद्याचे निदान तीन नमुने सरासरीच्या १५ टक्क्यांत यायला हवेत, आणि ही एकजिनसता मासे सोडण्याआधी सिद्ध हवी. हेक्झाक्लोरोबेंझीन हे संदर्भ-रसायन त्याच खाद्यात मिसळता येते, त्यासाठी वेगळे मासे लागत नाहीत.

पोटात अजून खाद्य असताना मासा घेतलात तर तुम्ही मासा नाही, खाद्य मोजता. शोषण संपल्यावरचा पहिला नमुना एक दिवस साधे खाद्य देऊन, आतडे रिकामे झाल्यावर घ्या. चव आवडली नाही म्हणून मासे दाणे थुंकतात, तेही डोळ्यांनी बघा. थुंकलेला दाणा गृहीत धरलेल्या आहारदरात मोजला जातो आणि शोषण खोटे कमी दिसते.

१२. टाक्या रिकाम्या करताना

बाहेर पडणारे पाणी पहिल्या दिवसापासून कोळशाच्या स्तंभातून जाऊ द्या. स्तंभ कधी भरेल ते आधी काढा, आणि बाहेरचे पाणी आठवड्यातून एकदा मोजा. उरलेले मासे पुन्हा पाळायला किंवा दुसऱ्या स्टडीला देऊ नका. ते आणि वापरलेला कोळसा अधिकृत दहनासाठी पाठवा, पावती फाइलला लावा. गोठवलेले जादा मासे आणि अर्क अहवाल अंतिम होऊन गुणवत्ता विभागाची सही होईपर्यंत फेकू नका, कारण नियामकाचा पहिला प्रश्न बहुधा चरबीच्या आकड्यावर येतो आणि तेव्हा पुन्हा मोजायला तोच मासा लागतो.